प्रश्न चौथा, गुण पाच

बॅलार्ड पियरला तिसऱ्या मजल्यावर संध्याकाळचा वर्ग.
आम्ही सात जण. बाई मी एकटी.
सगळ्यांत वयस्कर हनीफ दळवी,
बावीस वर्षं इंजिन रूममध्ये काढलेला,
उजवा कान फळ्याकडे करून बसतो.
डावा कुठे गेला ते पान एकशे बारावर आहे:
पंच्याऐंशी डेसिबल, आठ तास.
वाचून तो हसला.
"आठ तास मोजणारा कुणी होता का आमच्याकडे?"

मस्करेन्हस सर फळ्यावर हवा लिहितात.
ऑक्सिजन वीस पॉइंट नऊ.
सोळाला विचार चुकायला लागतो,
आणि चुकतोय हे कळत नाही.
दहाला माणसाला वाटतं, जरा टेकावं.
सहा.
सहाच्या पुढं सर काही लिहीत नाहीत,
डस्टर शोधत बसतात.

गंज हवा पितो, हे मला इथं येऊन कळलं.
महिनोन्महिने बंद टाकी, आत नुसतं लोखंड,
अंधारात गंजता गंजता
सगळा श्वास संपवून बसलेलं.
कुणी विष घातलेलं नसतं.
म्हणून माणसाच्या आधी मीटर उतरवायचा,
दोरीला बांधून, हळूहळू,
विहिरीत घागर सोडावी तसा.

मंगळवारी दारूखान्यात नेलं.
अर्धं कापलेलं जहाज चिखलात टेकलेलं,
त्याच्या पोटात कुणाचं तरी धुणं वाळत होतं.
माझ्या हातात तेवीस प्रश्नांचा फॉर्म.
एका गॅसकटरवाल्याला विचारलं,
गेल्या बारा महिन्यांत अपघात झाला?
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला:
"झालेला सांगू, की लिहिलेला?"
फॉर्ममध्ये चौकोन एकच होता.
मी पेन्सिलीनं दुसरा काढला. सरांनी तो खोडला नाही.

आता लडकूमामाचं.
भाऊच्या धक्क्याबाहेर नांगरलेला बार्ज, मी दोन वर्षांची.
इस्माईल साखरकर टाकीत उतरला, हाकेला ओ देईना.
मामानं सदरा काढला,
पंचा भिजवून तोंडाला बांधला, आणि उतरला.
ओल्या फडक्यानं धूर अडतो.
नसलेली हवा फडकं कुठून आणणार?

तिसरा उतरत होता.
त्याचा एक पाय शिडीवर असताना
धर्माजी नाखव्यानं त्याला मागून कंबरेत धरलं,
दोघं डेकवर पडले, तरी सोडलं नाही.
तिसऱ्यानं त्याच्या मनगटाला चावा घेतला.
सोडलं नाही.

पुढं धर्माजीच्या पोरीच्या हळदीला
आमच्या गल्लीतून कुणी गेलं नाही.
भेकड म्हणाले. दोघांना मरू दिलं म्हणाले.
आजही तो जेटीच्या टोकाला एकटाच जाळं विणतो,
पाठ वस्तीकडे करून.

तिसरा म्हणजे माझा बाप.

परीक्षेत प्रश्न चौथा आला:
सोबती टाकीच्या तळाशी निश्चल पडलेला दिसतो.
तुमची पहिली कृती कोणती? कारण द्या.
पंखा खडखडत होता. खाली कुठलीशी क्रेन घंटी वाजवत फिरत होती.
मी लिहिलं:
आत उतरू नये. धोक्याची सूचना द्यावी.
हवेची नळकांडी, दोर, शिकलेली माणसं येईपर्यंत
झाकणापाशी थांबावं, इतरांनाही उतरू देऊ नये.
कारण मरणाऱ्यांत वाचवायला गेलेले पुष्कळ असतात.
'इतरांनाही' च्या खाली रेघ ओढली.
वेळ उरला होता, पण पुन्हा वाचलं नाही.

पाचपैकी पाच.

पेपर बाबांनी दिव्याखाली धरून वाचला,
बोट अक्षराअक्षरावर ठेवत.
'थांबावं' पाशी बोट बराच वेळ राहिलं.
आई ताटं मांडत होती, तिनं हाक मारली.
ते उठले नाहीत.
मग चष्मा काढून मला विचारलं,
खरोखरच विचारलं, पुस्तकात असेल अशा भरवशानं:

"आन् हात?
तवर हातांचं काय करायचं?"